कोरड्या वंगणाचा थर कसा चढवावा: निवड, पूर्वतयारी, लेपन आणि देखभाल

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यात फिक्श्चरची (काम धरून ठेवणाऱ्या साधनाची) सरकपट्टी अडखळू लागली, गोदामाचे शटर गाइडमध्ये घासू लागले किंवा निफाडकडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या कात्रीचा सांधा जड झाला, की बहुतेक ठिकाणी त्यावर तेलाचे चार थेंब सोडले जातात. तेवढ्यापुरते काम भागते. परंतु जिथे ग्राइंडिंगचा बारीक चुरा, माती, सिमेंट किंवा फवारणीच्या गंधकाची भुकटी सतत उडत असते, तिथे तेल ही धूळ धरून ठेवते आणि थोड्याच दिवसांत दोन्हींचा जो लगदा तयार होतो तो धातू झिजवू लागतो. अशा जागांसाठी कोरडे वंगण, म्हणजे धातूवर घट्ट बसणारा आणि स्पर्शाला कोरडा असणारा घसरता थर, हा खरा उपाय आहे. तो महाग किंवा अवघड नाही. मात्र तो तेलासारखा वरून ओतता येत नाही, तो चढवावा लागतो, आणि त्याचे यश पावडर कोणती घेतली यापेक्षा धातू आधी किती स्वच्छ केला यावर अधिक अवलंबून असते.

थर घसरतो तो कशामुळे

ग्राफाइट आणि मोलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याला कारखान्यात सर्रास ‘मोली’ म्हणतात, या दोन्हींच्या स्फटिकांची रचना पातळ पापुद्र्यांची असते. एकाच पापुद्र्यातील अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, पण पापुद्र्या-पापुद्र्यांतील ओढ फार क्षीण असते. पानवाल्याच्या ताटातील विड्याच्या पानांची ओली चळत वरून दाबली तर चेपत नाही, पण आडवी ढकलली की सहज सरकते. या पदार्थांचे वागणेही तसेच आहे. वरचा भार ते पेलतात आणि आडव्या दिशेने लगेच हार मानतात. टेफ्लॉनची, म्हणजे पीटीएफईची, गोष्ट निराळी आहे. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत योगायोगाने सापडलेला हा बहुलक गुळगुळीत लांब साखळ्यांचा असून समोरच्या पृष्ठभागावर स्वतःचाच पातळ लेप ठेवत जातो, त्यामुळे काही वेळाने टेफ्लॉन टेफ्लॉनवरच घसरत राहते.

नाशिक जिल्ह्यात निवड हवेवरून करावी

ग्राफाइट आणि मोली यांच्यातील सर्वांत महत्त्वाचा फरक आर्द्रतेचा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो फार कामाचा ठरतो. इगतपुरी-त्र्यंबकचा घाटमाथा वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस घेतो, नाशिक शहरात तो साधारण सातशेच्या आसपास येतो आणि येवला-नांदगावचा भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. एकाच कारखान्यातून निघालेला तोच सुटा भाग या तीन ठिकाणी तीन प्रकारे वागू शकतो.

ग्राफाइटला घसरण्यासाठी हवेतील बाष्पाची गरज असते. पापुद्र्यांच्या कडांवर पाण्याचे रेणू बसले नाहीत तर त्या कडा एकमेकींना चिकटू पाहतात आणि ग्राफाइट वंगण राहण्याऐवजी झिजू लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील ग्राफाइटयुक्त ब्रश (फिरत्या भागाशी विजेचा संपर्क ठेवणारे ठोकळे) कोरड्या, विरळ हवेत झपाट्याने भुकटी होऊ लागले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. मोलीचे नेमके उलटे आहे. निर्वात किंवा कोरड्या हवेत तिचा घर्षणांक ०.०५ च्याही खाली जाऊ शकतो, तर दमट हवेत तो त्याच्या कितीतरी पट होतो आणि दीर्घकाळ ओलाव्यात राहिल्यास तिचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आम्लधर्मी अंश तयार होतात, जे पोलादाला गंजवतात. म्हणून येवल्याच्या बाजूच्या कोरड्या शेडमधील जास्त भाराच्या सरकपट्टीला मोली उत्तम आणि घाटमाथ्यावरच्या फाटकाच्या पोलादी कुलपाला ग्राफाइट बरे, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेसारख्या पदार्थात, बांधलेल्या मोलीच्या थराला रेझिनचे थोडे संरक्षण मिळते, त्यामुळे नाशिक शहरात छपराखाली तो पावसाळ्यातही चालतो. उघड्यावर सतत भिजणाऱ्या भागासाठी मात्र मी तो निवडणार नाही.

ग्राफाइटचा एक दोष फारसा कोणी सांगत नाही. ते विजेचे वाहक असून गॅल्व्हॅनिक क्रमात, म्हणजे ओलाव्यात एकमेकांना लागल्यावर कोण गंजेल हे सांगणाऱ्या क्रमात, बहुतेक धातूंच्या वर बसते; गंजतो तो खालचा धातू. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या रुळावर किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ग्राफाइट चोळले आणि त्यावर पावसाचे पाणी साचले, की त्या जागी लहानसा विद्युत घटच तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त खाल्ले जाते. तिथे टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे वापरावा, किंवा लाकडी चौकट असेल तर साधी मेणबत्ती चोळावी. वाहकतेमुळेच ग्राफाइटची भुकटी स्विचबोर्ड, मोटारीची वेटोळी आणि वेल्डिंग मशिन यांच्या जवळपास उडू देऊ नये.

उष्णतेच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. हवेत मोली साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत, ग्राफाइट ४५० अंशांच्या आसपासपर्यंत आणि टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत भरवशाचे असते. भट्टीच्या दाराच्या बिजागऱ्यांसारख्या त्याहून तापणाऱ्या जागी बोरॉन नायट्राइड हा पांढरा पदार्थ उपयोगी पडतो, पण तो महाग आहे आणि घरगुती कामात त्याची वेळ सहसा येत नाही.

कुठे लावू नये

कोरडा थर उष्णता वाहून नेत नाही. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेल घर्षण तर कमी करतेच, पण उष्णताही बाहेर काढते. तिथे तेलाला किंवा ग्रीसला पर्याय नाही. कमी वेग, जास्त भार, मागे-पुढे होणारी किंवा क्वचित होणारी हालचाल आणि धूळ, हे कोरड्या वंगणाचे खरे क्षेत्र आहे. बेदाणा, भाजी किंवा इतर खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या यंत्राच्या ज्या भागाचा मालाशी संबंध येतो तिथे कारखान्यातली मोली किंवा ग्राफाइट अजिबात वापरू नये. अन्नासाठी प्रमाणित केलेले वंगणच घ्यावे. ब्रेकच्या आसपास तर यातले काहीही नेऊ नये.

मापाचा हिशेब आधी करावा

रेझिनमध्ये बांधलेला थर साधारण ८ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. ही जाडी क्षुल्लक वाटते, म्हणून अनेकदा ती विसरली जाते आणि मग लेप दिलेली पिन भोकात जातच नाही. २० मिलीमीटर व्यासाच्या पिनचे उदाहरण घेऊ. भोक एच-७ मापाचे (एच-७, जी-६ ही मापातील मान्य फरकाची प्रमाणित श्रेणींची नावे) असेल तर ते ० ते २१ मायक्रॉन मोठे असू शकते. पिन जी-६ असेल तर ती ७ ते २० मायक्रॉन लहान असते. म्हणजे मोकळीक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. आता पिनवर १० मायक्रॉनचा थर दिला की तो दोन्ही बाजूंनी वाढत असल्यामुळे व्यास २० मायक्रॉनने वाढतो आणि कमीत कमी मोकळीक असलेल्या जोडीत पिन भोकापेक्षा मोठी होते. एफ-७ माप घेतले तरी किमान मोकळीक २० मायक्रॉनच असते आणि ती सगळी थर गिळतो. म्हणून लेप द्यायचा असेल तर तो रेखांकनातच नोंदवून पिन तेवढी लहान ग्राइंड करून घ्यावी. हे शक्य नसेल, भाग तयार असेल आणि माप हलवता येत नसेल, तर पुढे सांगितलेली कोरड्या चोळणीची पद्धत घ्यावी, कारण तिचा थर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ असतो आणि मापाला फरक पडत नाही.

पूर्वतयारी

इथे घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते, त्यामुळे सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. भाग पूर्ण सुटा करावा. जोडलेल्या अवस्थेत स्प्रे मारणे म्हणजे जिथे घर्षण होते ती जागा सोडून बाकी सगळीकडे लेप देणे होय. आधी केरोसीन किंवा डिझेलने जुने ग्रीस काढावे, पण तिथे थांबू नये, कारण ही दोन्ही स्वतःचा तेलकट पापुद्रा मागे ठेवतात. त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवून, कोरडे करून, शेवटी अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावे. कापडाची बाजू प्रत्येक पुसण्यागणिक बदलावी. एकाच बाजूने पुन्हा पुन्हा पुसल्यास तेल केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. अ‍ॅसिटोन शून्याच्या खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकणारी वाफ सोडते, म्हणून ग्राइंडर, वेल्डिंग किंवा देवघरातील निरांजन यांपैकी काहीही जवळ पेटते नसावे आणि काम दार-खिडक्या उघड्या ठेवून करावे. पातळ नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोनमध्ये लवकर फुगतात व फाटतात. ते वारंवार बदलावेत किंवा ब्युटाइल रबराचे वापरावेत.

स्वच्छता पुरेशी झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. भागावर स्वच्छ पाणी सोडावे. पाणी सलग चादरीसारखे पसरून निदान अर्धा मिनिट तसेच राहिले तर पृष्ठभाग तेलमुक्त आहे. त्याचे थेंब-थेंब झाले किंवा मध्येच कोरडी बेटे उघडी पडली तर तिथे अजून तेल आहे आणि पुसण्याचे काम पुन्हा करावे लागेल. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्याइतकी प्रामाणिक दुसरी चाचणी लहान कारखान्यात मिळणार नाही. चाचणीनंतर भाग लगेच कोरडा करून साधारण ५० अंशांपर्यंत कोमट करावा.

रेझिनबद्ध थरासाठी यानंतर पृष्ठभाग थोडा खरबरीत करावा लागतो. १८० ते २२० मेशच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कणांचा मारा) केल्यास पोलादावर अर्ध्या ते एक मायक्रॉनच्या दरम्यानचा खरबरीतपणा मिळतो आणि तो रेझिनला पकड देण्यास पुरेसा असतो. वाळू मात्र ब्लास्टिंगसाठी कधीही वापरू नये, कारण तिच्या धुळीने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा आजार होतो. ब्लास्टिंगची सोय नसेल तर ३२० क्रमांकाच्या एमरी पेपरने आडवे-उभे घासून घ्यावे. पकड कमी मिळते, पण घरगुती कामाला चालते. कंप्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतेच, त्यामुळे फिल्टर आणि पाणी काढणारा सापळा लावल्याखेरीज त्या हवेने भाग झटकू नये.

पोलादी भागाला आयुष्य जास्त हवे असेल तर ब्लास्टिंगनंतर मँगनीज फॉस्फेटिंग करून घ्यावे. फॉस्फेटच्या सूक्ष्म स्फटिकांत मोलीचे कण अडकून बसतात आणि गंजही रोखला जातो. हे काम घरी करू नये. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणाऱ्यांकडून ते करून घ्यावे. कडक केलेल्या पोलादाचा गंज काढण्यासाठी तीव्र आम्लात बुडवणे टाळावे, कारण हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ होतो आणि पुढे भाराखाली अचानक तडकतो.

ब्लास्टिंग झालेल्या उघड्या पोलादाला हात लावू नये आणि ते रात्रभर ठेवू नये. पावसाळ्यात तर तासाभरातही त्यावर तांबूस झाक येऊ शकते. तयारी आणि लेपन एकाच दिवशी, शक्यतो लागोपाठ करावे. ज्यांना निवड करता येते त्यांनी हे काम नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत उरकावे.

कोरडी चोळणी

माप न बदलता थर हवा असेल तेव्हा काही मायक्रॉन आकाराच्या कणांची बारीक मोली पावडर घ्यावी. इथे खरबरीतपणा नको. ग्राइंड किंवा पॉलिश केलेला स्वच्छ पृष्ठभागच बरा. नाकावर एन-९५ मास्क बांधून, चिमूटभर पावडर मऊ चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घेऊन कोमट भागावर दाब देत चोळावी. सुरुवातीला पृष्ठभाग मळकट काळा दिसतो, मग हळूहळू त्याला करड्या रंगाची धातूसारखी चमक येते. ती चमक म्हणजे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर झोपले, आणि मगच ते घसरतात. त्यानंतर सुटी पावडर कोरड्या कापडाने पुसून टाकावी. जास्त पावडर म्हणजे जास्त वंगण हा समज चुकीचा आहे. सुटी राहिलेली पावडर साचून गाळ्यांत अडकते. द्राक्षाच्या एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी कात्री खोलून तिच्या सांध्याच्या पिनवर व वॉशरवर अशी चोळणी केली तर सांधा हलका राहतो आणि माती चिकटत नाही. पात्याच्या धारेवर पावडर लावू नये.

फवारणी आणि भाजणी

रेझिनबद्ध लेप डब्यात द्रवरूपात मिळतो. मोली पाण्याच्या जवळजवळ पाचपट जड असल्याने ती सतत तळाशी बसते. डबा तळापासून नीट ढवळावा आणि काम चालू असताना गनच्या कपातील मिश्रणही मधूनमधून हलवावे. हे टाळले तर पहिल्या भागांवर नुसते रेझिन आणि शेवटच्या भागांवर नुसती भुकटी बसते. भाग साधारण ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट असावा, म्हणजे ओलावा निघून जातो आणि लेप ओघळत नाही. दोन ते तीन बार दाबावर, १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून, हात न थांबवता दोन-तीन पातळ फेऱ्या माराव्यात. एकच जाड थर देऊन काम लवकर संपवण्याचा मोह होतो, पण जाड थरात द्रावक अडकून राहते, भाजताना फोड येतात आणि पुढे तो पोपडे धरून निघतो. ज्या जागी लेप नको तिथे उष्णता सोसणारी टेप लावावी.

भाजणीचे तापमान आणि वेळ डब्यावरील पत्रकानुसारच ठेवावी. काही लेप खोलीच्या तापमानाला वाळतात. एपॉक्सी आणि फिनॉलिक रेझिनच्या लेपांना बहुधा १५० ते २०० अंशांवर तासभर लागतो. वेळ मोजायची ती भाग त्या तापमानाला पोहोचल्यापासून, भट्टीचा काटा पोहोचल्यापासून नव्हे. जाड तुकड्याला त्यासाठी बराच वेळ लागतो. इथे धातूचाही विचार हवा. ईएन-३१ सारखे कडक केलेले पोलाद बऱ्याचदा १५० ते १८० अंशांवर टेम्पर केलेले (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवलेले) असते आणि ते २०० अंशांवर भाजले तर कडकपणा उतरतो. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमही साधारण १७५ अंशांच्या वर फार वेळ ठेवल्यास मऊ पडते. अशा भागांसाठी कमी तापमानाला पिकणारा किंवा हवेत वाळणारा लेपच निवडावा. स्वयंपाकघरातील ओव्हन या कामाला कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. द्रावकाच्या वाफा पेट घेऊ शकतात आणि रेझिनचे अवशेष पुढे अन्नात जातात.

टेफ्लॉनबाबत एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. त्याची पावडर बोटांना लागलेली असताना विडी किंवा सिगारेट ओढली, तर जळत्या टोकाच्या उष्णतेने तिचे विघटन होते आणि काही तासांनी थंडी-ताप, खोकला आणि छातीत आवळल्यासारखे होणे असा आजार होऊ शकतो. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखूला स्पर्श करू नये, हा नियम कारखान्यात भिंतीवर लिहून ठेवावा.

तपासणी आणि रुळवणी

भाग पूर्ण थंड झाल्यावर लेपावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. पट्टीवर किंचित करडी छटा येणे ठीक आहे, पण पापुद्रे निघून खालचा धातू दिसला तर लेप पूर्ण काढून पूर्वतयारीपासून पुन्हा सुरुवात करावी. वरून दुसरा हात दिल्याने खालची सुटलेली पकड परत येत नाही. चाचणीत उतरलेला भाग पूर्ण भाराखाली लगेच घालू नये. आधी कमी भारावर काही वेळ मागे-पुढे चालवावा. यात थोडी काळी भुकटी बाहेर पडते, ती कोरड्या कापडाने पुसावी.

कुलपे आणि नट-बोल्ट

कुलपात ग्राफाइटची पावडर लहान नळीने फुंकून किल्ली काही वेळा आत-बाहेर करावी. मात्र त्या कुलपात आधी तेल गेले असेल तर ग्राफाइट घालू नये. दोन्ही मिळून घट्ट काळा चिखल होतो आणि पिना अडकतात. आधी द्रावकाने कुलूप धुऊन वाळवावे.

बोल्टच्या आट्यांना मोली लावली तर आवळण्याचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, कमी करावाच लागतो. साध्या कोरड्या पोलादी बोल्टसाठी टॉर्कच्या सूत्रातील गुणांक ढोबळमानाने ०.२ धरतात, मोली लावल्यावर तो ०.१२ च्या आसपास येतो. म्हणजे १०० न्यूटन-मीटरने आवळायचा बोल्ट ६० नेच तेवढा ताणला जातो, आणि सवयीने १०० लावले तर तो दीडपटीहून जास्त ताणला जाऊन तुटू शकतो किंवा आटे निघू शकतात. ज्या बोल्टचा टॉर्क उत्पादकाने कोरड्या अवस्थेसाठी दिला आहे, त्यावर स्वतःच्या मनाने मोली लावू नये.

देखभाल

तेल झिजलेल्या जागी पुन्हा वाहत येते, कोरडा थर येत नाही. जिथे तो संपला तिथे तो संपलाच. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत भागाकडे नियमित पाहावे आणि करड्या थरातून धातूची पांढरी चमक कुठे दिसू लागते, हालचाल कुठे जड होते किंवा करकर कुठून येते याची तारीखवार नोंद ठेवावी. त्या नोंदीवरून पुढच्या लेपनाची मुदत ठरवावी, आणि धातूला धातू लागण्यापूर्वी भाग उतरवून, जुना लेप ब्लास्टिंगने काढून, नव्याने लेप द्यावा. सर्वांत मोठा धोका मात्र झिजेचा नसून सद्हेतूने टाकलेल्या तेलाचा असतो. पाळी बदलली की नव्या पाळीचा ऑपरेटर सवयीने ऑइलकॅन फिरवतो. ते तेल थराची पकड सैल करते, सुटलेले कण धरून ठेवते आणि धूळही ओढून घेते. त्यासाठी लेप दिलेल्या प्रत्येक भागाशेजारी ठळक रंगात ‘तेल-ग्रीस लावू नये’ असे लिहावे, त्याखाली लेपाचा प्रकार आणि लेपनाची तारीख घालावी, आणि हाच मजकूर यंत्राच्या देखभाल तक्त्यात तेल देण्याच्या जागांच्या यादीशेजारी नोंदवावा.